नवीन चेनसॉ: आधी रुळू द्या, सायलेन्सर नंतर फोडा



जुन्या आंब्यांची छाटणी अन् वठलेली झाडं काढायला ७० सीसीच्या आसपासची मोठी चेनसॉ आता बऱ्याच जणांनी घेतलीय. मशीन घरी येऊन आठवडा होत नाही तोच कोणीतरी सांगतं, "सायलेन्सरला भोक पाड, जाळी काढून टाक, बघ कशी पळते ती." आपल्या एका सभासदाने तेच केलं. तिसऱ्या दिवशी पिस्टन जाम. दुरुस्तीला नेली तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे, बोअर गेलेलं. नवीन मशीन, आणि वॉरंटीही नाही.

खरं सांगायचं तर सायलेन्सर मोकळा केल्याने ताकद वाढते, ते काही खोटं नाही. आवाज कमी ठेवण्यासाठी कारखान्यातून तोंड बारीकच येतं. पण धूर मोकळा निघाला की इंजिन हवाही जास्त ओढतं, आणि पेट्रोल मात्र तेवढंच येतं. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. म्हणजे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडलं. वर उष्णता वाढली, मग पिस्टन पकडणारच.

त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यानेही मिश्रण थोडं पातळच होतं. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते, ते पान एकदा उघडून बघा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून मिश्रण त्या दिवसापुरतंच बनवा. काम नसेल तेव्हा टाकी रिकामी ठेवा.

नवीन मशीनच्या पहिल्या ८-१० टाक्या जपून. जपून म्हणजे नुसती आयडलवर घुरघुरत ठेवायची नाही, कापायलाच लावायची. पण मध्यम जाडीच्या फांद्या. लाकडात नसताना फुल रेस अजिबात देऊ नका. जड कापणी झाली की लगेच बंद न करता अर्धा मिनिट आयडलवर थंड होऊ द्या. रिंगा बोअरला बसल्या की ताकद आपोआप थोडी वाढते, ते हाताला कळतं. नवीन चेन ताणते, म्हणून पहिल्या दिवशी ताण सारखा बघत राहा.

ऑइल पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, ५ लिटरला १०० मिली. "नवीन आहे, जरा जास्त ओतू" असं काही जण म्हणतात. ऑइल वाढलं की त्याच थेंबातलं पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण उलट पातळ होतं.

एवढं सगळं करून सायलेन्सर मोकळा करायचाच असेल, तर त्याच दिवशी कार्बोरेटरचा एच स्क्रू सैल करून घ्या. टॅकोमीटर असलेल्या मेकॅनिककडेच जा. विनालोड फुल रेसवर आवाज किंचित फडफडला आणि लाकडात गेल्यावर साफ झाला तर जमलं. नुसती किंचाळत असेल तर लगेच रेस सोडा. प्लग कॉफी रंगाचा हवा, पांढरा पडला तर धोका. काही नव्या मशीन मिश्रण स्वतःच जुळवतात, त्यांना स्क्रू नसतो; तिथे डीलरला विचारल्याशिवाय हात घालू नका. ठिणगीची जाळी तर काढूच नका. मार्चात काजूच्या वाळक्या पाल्यावर एक ठिणगी पडली की बाग गेली.

पण आमचं विचाराल तर निम्म्या तक्रारी इंजिनच्या नसतातच. करवतीतून ढलप्या न पडता पिठासारखा भुसा पडत असेल तर चेन बोथट आहे. दोन-तीन टाक्यांनंतर गोल कानस मारा, सगळ्या दातांना सारखे हात. कानशीचा आकार चेनवर अवलंबून असतो, म्हणून गोडाऊनवर कानस घ्यायला येताना जुनी चेन सोबत आणा, मोजूनच देऊ.