ग्रामीण व नागरी जीवनमान आणि हृदयारोग्य : धरमतर खाडी परिसराच्या संदर्भात

खेड्यातील कष्टकऱ्याचे हृदय निरोगी असते, हा समज अर्धाच खरा आहे. 17 देशांतील ‘प्युअर’ अभ्यासात (2014) जोखीम घटक शहरांत अधिक आढळले, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या गंभीर घटना मात्र ग्रामीण भागात अधिक होत्या (दरहजारी वर्षाला 6.25, शहरांत 4.83). त्यांतील मृत्यूंचे प्रमाणही तेथेच जास्त होते.

धरमतर खाडीकाठी दोन्ही जीवनक्रम शेजारी नांदतात : खारभूमीतील भातशेती, मासेमारी आणि डोलवीचा पोलाद कारखाना. शेत सोडून पाळीवर जाणाऱ्याचे श्रम घटतात, खारवलेली सुकी मासळी ताटात राहते. वाढलेला रक्तदाब तपासल्यावाचून कळत नाही. रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे उपचार पहिल्या काही तासांतच विशेष गुणकारी ठरतात. छातीतील कळ पित्ताची समजून सोडा घेण्यात नेमका तोच वेळ जातो.