आरसा झालेली लूसी

‘आय लव्ह लूसी’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या हॉलिवूडमधल्या भागांत मोठमोठे नट पाहुणे म्हणून आले. विल्यम होल्डन आला, रिचर्ड विडमार्क आला. लूसीच्या उपद्व्यापांनी हैराण होणं, एवढंच बहुतेकांच्या वाट्याला यायचं. ९ मे १९५५ च्या भागात आलेल्या विनोदी नट हार्पो मार्क्सला मात्र काम मिळालं, तेही त्याच्या हातखंड्याचं.

न्यूयॉर्कहून आलेल्या मैत्रिणीला लूसीने थाप मारलेली असते, की इथले सगळे नट माझ्या ओळखीचे! मैत्रिणीला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही. मग चष्मा लपवून लूसी स्वतःच मुखवटे घालून एकेक नट होते. ती हार्पोच्या वेशात असतानाच खरा हार्पो येऊन ठेपतो. दाराच्या चौकटीत सापडलेल्या लूसीला आता त्याचं प्रतिबिंब होण्यावाचून गत्यंतर नाही.

हा प्रसंग मी आधी आवाज बंद करून पाहिला. हार्पो पडद्यावर बोलतच नाही, त्यामुळे फारसं काही बिघडणार नाही असं वाटलं होतं. हालचाली समजल्या, पण मधले थांबे उगाच लांबल्यासारखे वाटले. आवाज लावल्यावर कोडं सुटलं. मालिकेचं चित्रण समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे, एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी व्हायचं. हशा ओसरेपर्यंत दोघं तशीच थांबतात आणि मगच पुढचा हात उचलतात. हार्पोचा पिंड उत्स्फूर्ततेचा, लूसी साकारणाऱ्या लूसिल बॉलचा काटेकोर तालमीचा. तरीही ती त्याच्या खांद्याकडे, मनगटाकडे अशी टक लावून असते, की पात्राची धडधड आणि नटीची एकाग्रता वेगळी काढता येत नाही. मला हा अभिनय फार मोठा वाटतो.

आरशाची ही करामत जुनीच. मॅक्स लिंडरने ती १९२१ मध्ये मूकपटात केली होती. १९३३ च्या ‘डक सूप’ या चित्रपटात भाऊ ग्राउचोच्या वेशात त्याचं प्रतिबिंब झाला होता तो हार्पोच. बावीस वर्षांनी तो चौकटीच्या अलीकडे आला आणि त्याची जुनी जागा लूसीने घेतली.

पलीकडच्या जागेतल्या सगळ्या लबाड्या त्याला ठाऊक. म्हणून तो शेवटी टोपी हातातून सोडतो. लूसीही सोडते. त्याची टोपी दोरीला बांधलेली असते, ती उसळून हातात परत येते. लूसीची जमिनीवर पडते, आणि लूसी पकडली जाते.