धर्मग्रामातील मागणे आणि सांगणे

पनवेलसारख्या शहरात, जिथे तळोज्याच्या कारखान्यांत नि रेल्वेत पाळीने राबणारी, मराठी, कोंकणी, मल्याळी, तमिळ अशा भिन्न भाषांची कुटुंबे प्रार्थनेस येतात, तिथे कोणास काय हवे ते धर्मगुरूंनी न सांगता ओळखावे ही अपेक्षाच अवाजवी होय. पनवेल ज्यात येते तो रायगड जिल्हा मुंबईच्या कॅथॉलिक महाधर्मप्रांतात मोडतो. आणि कॅथॉलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेचे 212 वे कलम सामान्य भाविकांस आपल्या गरजा, विशेषतः आध्यात्मिक, धर्माधिकाऱ्यांपुढे मांडण्याची स्पष्ट मुभा देते, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

रविवारच्या मिस्सेनंतर फाटकापाशी चाललेली कुजबुज घरी पोचेपर्यंत विरून जाते. परंतु ‘रात्रपाळीमुळे सकाळी येता येत नाही, महिन्यातून एकदा तरी संध्याकाळी मराठीत मिस्सा व्हावी, गायनाची जबाबदारी आम्ही पत्करतो’ एवढा मजकूर कुटुंबांच्या सह्यांनिशी दप्तरी दाखल झाला, की त्याची वासलात लावणे सहसा सोपे राहत नाही.

अशा अर्जाचा विचार बहुधा धर्मग्राम (पॅरिश) परिषदेत होतो. 536 व्या कलमान्वये तिचा अधिकार केवळ सल्ल्याचा आहे. मतदानाची सवय जडलेल्या आपल्या मनास हे खटकते खरे. पैशाच्या बाबींसाठी अर्थसमिती निराळी असून, 537 व्या कलमाने ती सक्तीची केली आहे. सबब छपराच्या गळतीची तक्रार खर्चाच्या अंदाजासह तिच्याकडे धाडणे इष्ट. नकार आल्यास कारण विचारावे, आणि प्रकरण खरोखर गंभीर असेल तरच आर्चबिशपांकडे न्यावे. किरकोळ बाबींसाठी मात्र अर्जाची गरज नाही; मिस्सेच्या यादीत आजोबांचे नाव चुकले, तर ते दप्तरातला कारकूनच दुरुस्त करतो.