पंच दागिने का उतरवायला सांगतात?

मुलांनो, तुम्ही बास्केटबॉलचा सामना पाहिला असेल. हा खेळ जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने 1891 साली अमेरिकेत सुरू केला. आज तो जगभर खेळला जातो. 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद मैदानावर दोन संघ खेळतात. प्रत्येक संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. जमिनीपासून 3.05 मीटर उंचीवर लोखंडी रिंग असते. तिच्यात चेंडू टाकायचा असतो.

समजा, शिरूर आणि दौंड या शेजारच्या तालुक्यांतील दोन शाळांच्या मुलींचा सामना आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी पंच येतात आणि सर्व खेळाडूंकडे नीट पाहतात. एकीच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत. दुसरीच्या बोटात अंगठी आहे. तिसरीच्या गळ्यात आईने बांधलेला तावीज आहे. चौथीने नुकतेच नाक टोचले आहे. पंच म्हणतात, "हे सर्व उतरवून ठेवा." मुलींना वाईट वाटते. पंच इतके कडक का वागतात?

याचे कारण समजून घ्या. खेळताना काचेची बांगडी फुटली, तर तिचे तुकडे मनगटात शिरतात. ते मैदानावरही पसरतात आणि पडणाऱ्या खेळाडूला लागतात. गळ्यातल्या दोऱ्यात दुसऱ्याचे बोट अडकले, तर गळ्याला फास बसतो. कानातले ओढले गेले, तर कानाची पाळी फाटते. अंगठीचा धोका तर फार मोठा आहे. उंच उडी मारल्यावर अंगठी रिंगच्या आकड्यात अडकली, तर शरीर खाली येते, पण बोट वरच अडकून राहते. अशा अपघातात बोटाची कातडी सोलून निघते. कधी कधी बोटही गमवावे लागते.

म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ज्या वस्तूमुळे दुसऱ्याला इजा होईल, अशी वस्तू अंगावर ठेवून खेळता येत नाही. दागिने त्यातच मोडतात. त्यांवर लक्ष ठेवणे हे मुख्य पंचांचे काम आहे. दागिना सोन्याचा आहे की पितळेचा, हे पंच पाहत नाहीत. तो कोणी आणि का दिला, हेही विचारत नाहीत. त्यामुळे कोणाला इजा होईल का, एवढेच ते पाहतात. चश्मा मात्र धोकादायक नसेल, तर चालतो. कबड्डीतही दागिने चालत नाहीत आणि नखे कापलेली असावी लागतात. "दागिन्यावर चिकटपट्टी लावली तर?" असे तुम्ही विचाराल. फुटबॉलच्या नियमात याची स्पष्ट मनाई आहे. पट्टीने दागिना झाकला जातो, पण त्याचा धोका जात नाही.

पंचांनी हे काम कसे करावे? नियमानुसार सामन्याच्या 20 मिनिटे आधीपासून पंचांचा अधिकार सुरू होतो. तेव्हाच तपासणी केली, तर घाई होत नाही आणि कोणाचा अपमानही होत नाही. पंचांनी तावीज किंवा बांगडी स्वतः ओढून काढू नये. खेळाडूने ती आपल्या हाताने उतरवावी आणि शिक्षकांजवळ सांभाळायला द्यावी. दोन्ही संघांना एकच नियम लावावा. खेळ चालू असताना दागिना दिसला, तर खेळ थांबताच शांतपणे सांगावे. जिला तो काढायचा नसेल किंवा काढता येत नसेल, तिला खेळता येणार नाही. पण तिला रागावण्याचे कारण नाही. तिच्या जागी दुसरी खेळाडू येईल.

नियम कडक असला, तरी तो विचार करूनच ठरवावा लागतो. पूर्वी या खेळात डोक्यावर वस्त्र घालण्यास बंदी होती. 2014 साली चीनमधील वुहान येथे आशिया चषक स्पर्धा झाली. तेथे भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगडी उतरवावी लागली. त्याच वर्षी दक्षिण कोरियातील इंचॉन येथे आशियाई खेळ झाले. कतारच्या मुलींना हिजाब घालून खेळू दिले नाही, म्हणून त्यांच्या संघाने माघार घेतली. यावर जगभर चर्चा झाली. शेवटी 2017 साली आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम बदलला. आता डोक्यावर वस्त्र चालते. 2017 च्या नियमानुसार ते काळे, पांढरे किंवा गणवेशाच्या रंगाचे असावे लागत होते. त्याने चेहरा झाकला जाऊ नये, त्याचा कोणताही भाग बाहेर आलेला नसावा आणि त्यामुळे कोणालाही धोका होऊ नये. म्हणजे साधे वस्त्र चालते, पण त्याला लावलेली टोकदार टाचणी चालत नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. नियमाचे भांडण कोणाच्या श्रद्धेशी किंवा हौसेशी नाही. खेळणाऱ्या प्रत्येकाचे शरीर सुरक्षित राहावे, एवढाच त्याचा हेतू आहे. म्हणून सामन्याच्या दिवशी अंगठी आणि बांगड्या घरीच ठेवा. नाक किंवा कान टोचायचे असतील, तर स्पर्धा संपल्यावर टोचा. पुढे तुमच्यापैकी कोणी पंच झाले, तर खेळाडूंना हे कारण समजावून सांगा. कारण समजले, की खेळाडू आपणहून दागिना उतरवतात.