कृत्रिम बुद्धिमत्तेतील पक्षपात आणि सामान्य वापरकर्त्याची तक्रार : वऱ्हाडी-नागपुरी बोलींच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठीतून विचारणा करून माहिती मिळविण्याची सोय आता शासकीय सेवांतही उपलब्ध होऊ लागली आहे. केंद्र शासनाचा 'भाषिणी' हा उपक्रम २०२२ पासून भारतीय भाषांसाठी वाणी-ओळख व अनुवादाची साधने विकसित करीत आहे. महाराष्ट्राच्या कृषी विभागाने मे २०२५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'महाविस्तार' हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित अ‍ॅप सुरू केले. अशी साधने वापरणारा विदर्भातील माणूस प्रमाण मराठीतच बोलेल असे नाही. यंत्राला प्रमाण भाषा समजते आणि त्याची बोली समजत नाही, अशी स्थिती असेल तर तो पक्षपातच होय. त्याचा अनुभव प्रथम वापरकर्त्यास येतो. हा अनुभव नोंदविण्यास तो कसा प्रवृत्त होईल आणि त्यासाठी साधनाची रचना कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पक्षपाताचे स्वरूप

यंत्र ज्या सामग्रीवरून शिकते, तिच्यातील असमतोल त्याच्या निर्णयांत उतरतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच कंपन्यांच्या वाणी-ओळख प्रणाली तपासण्यात आल्या. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९, तर कृष्णवर्णीय वक्त्यांच्या बोलण्यात ३५ चुका आढळल्या.

मराठीतही असा धोका संभवतो. 'मला' ऐवजी 'मले', 'डोळा' ऐवजी 'डोया', 'जातो आहे' ऐवजी 'जाऊन राहिलो' ही रूपे वऱ्हाडी-नागपुरी बोलींत नियमाने येतात. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात या बोलींची दखल घेतलेली आहे. मात्र वृत्तपत्रे, ग्रंथ व शासकीय कागदपत्रे प्रमाण मराठीत असल्याने लिखित सामग्रीत या रूपांचे प्रमाण अल्प राहते.

तक्रार का होत नाही?

सप्टेंबर २०२० मध्ये ट्विटरच्या वापरकर्त्यांना असे दिसले की, छायाचित्र आपोआप कापणारी प्रणाली गोऱ्या चेहऱ्यांना प्राधान्य देते. अनेकांनी प्रयोग करून निष्कर्ष मांडले. मे २०२१ मध्ये कंपनीने स्वतःच्या विश्लेषणाअंती असा फरक असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पक्षपात शोधण्याची स्पर्धा घेण्यात आली व ३,५०० डॉलरचे पहिले पारितोषिक देण्यात आले. हाँग शेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा लोकप्रयत्नांस 'दैनंदिन अल्गोरिदम-परीक्षण' असे संबोधून त्यांचा अभ्यास केला.

तेथे तीन गोष्टी अनुकूल होत्या : चूक डोळ्यांना दिसत होती, दोन छायाचित्रांची तुलना शक्य होती आणि चर्चा जाहीर होती. भ्रमणध्वनीवर बोलणाऱ्या शेतकऱ्याजवळ यांपैकी काहीही नसते. त्याहून मोठा अडथळा मनातला आहे. 'मले' हे रूप अशुद्ध असल्याचे त्याला शाळेपासून ऐकविले गेले आहे. त्यामुळे यंत्राला प्रश्न कळला नाही, तर 'आपलेच बोलणे चुकले' असे तो मानतो, तोच प्रश्न 'शुद्ध' भाषेत पुन्हा विचारतो आणि उत्तर घेऊन मोकळा होतो. यंत्राच्या लेखी तो संवाद यशस्वी ठरतो. दोषाची नोंद कोठेही होत नाही. म्हणून तक्रारीच्या अभावास वापरकर्त्याची उदासीनता समजणे योग्य नव्हे.

साधनाची रचना

या विवेचनावरून साधनाची काही तत्त्वे निश्चित करता येतात.

१) तुलना : एकच प्रश्न बोलीत व प्रमाण भाषेत विचारल्यावर आलेली दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी दाखवावीत. दोष बोलणाऱ्याचा नाही, हे त्यास प्रत्यक्ष दिसले पाहिजे.

२) सुलभता : प्रश्न पुन्हा विचारला जाताच 'आधीचे कळले नव्हते का?' असे साधनाने स्वतः विचारावे. तक्रार तोंडी व त्याच बोलीत स्वीकारावी. तिचे वर्गीकरण तज्ज्ञांनी करावे.

३) सोबत : असाच अनुभव आणखी किती जणांनी नोंदविला, हे सांगावे. एकट्याची शंका अनेकांचे निरीक्षण ठरते, तेव्हा बोलण्याचे धैर्य येते.

४) प्रतिसाद : तक्रारीस क्रमांक द्यावा आणि पुढे काय दुरुस्ती झाली ते कळवावे. उत्तर न मिळालेला माणूस सहसा दुसऱ्यांदा तक्रार करीत नाही.

५) सुरक्षितता : आवाज ही ओळख आहे. ध्वनिमुद्रण संमतीनेच साठवावे आणि नाव, गाव अनिवार्य नसावे.

आर्थिक पारितोषिक स्पर्धेपुरते उपयुक्त असले, तरी दैनंदिन तक्रारीसाठी ते बनावट नोंदींना निमंत्रण देऊ शकते. 'भाषिणी'च्या 'भाषादान' या उपक्रमात नागरिक स्वेच्छेने आवाजाचे नमुने देतात, यावरून सामूहिक हित ही प्रेरणाही कार्य करते असे म्हणता येईल. परंतु समोर दिलेले वाक्य वाचणे निराळे आणि स्वतःचे वाक्य नाकारले गेल्याचे सांगणे निराळे. दुसऱ्यासाठी विश्वास अधिक लागतो.

मर्यादा

तक्रारींची संख्या हे पक्षपाताचे अचूक माप नव्हे. ज्यांच्याकडे भ्रमणध्वनी नाही किंवा ज्यांनी साधन वापरणेच सोडून दिले, त्यांचा आवाज या नोंदींत येत नाही. म्हणून तक्रारींसोबत स्वतंत्र चाचणीही आवश्यक आहे. डेक्कन महाविद्यालय व राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोली सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणे अशा चाचणीस आधारभूत ठरू शकतात. तसेच दोष शोधण्याची जबाबदारी वापरकर्त्यावर ढकलून निर्मात्यास मोकळे होता येणार नाही.

समारोप

या कार्यात महाविद्यालयांना निश्चित स्थान आहे. मराठी व संगणकशास्त्र विभागांनी संयुक्त क्षेत्रप्रकल्प हाती घेतल्यास, विद्यार्थी आपल्या गावातील लोकांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत नोंदवू शकतील. त्यासाठी अध्यापकांना प्रथम वर्गातील एक सवय बदलावी लागेल. विद्यार्थ्याच्या तोंडी आलेल्या 'मले'ला आपण चूक म्हणत राहिलो, तर यंत्राच्या चुकीविषयी तो बोलेल ही अपेक्षा व्यर्थ आहे.