स्पर्धा सायकलची, प्रश्न न्यायाचा

गेल्या हिवाळ्यात शीव कोळीवाड्यात आम्ही चार-सहा कार्यकर्त्यांनी सायकलची एक मैत्रीची स्पर्धा घ्यायचे ठरविले. सहा डिसेंबरची चैत्यभूमीवरची सेवा आटोपली की ८ डिसेंबरला सुरुवात, २५ जानेवारीला शेवट आणि प्रजासत्ताकदिनी बक्षीस वाटप. बक्षीस म्हणजे काय, तर पुस्तके आणि टायर-ट्यूबची एकेक जोडी. इतक्या साध्या गोष्टीवरून भांडण व्हायचे काही कारण नव्हते. पण पहिली बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली आणि तिघे जण रागावून निघून गेले. भांडण वर्गणीचे नव्हते, व्यासपीठावर कोण बसणार याचेही नव्हते (चळवळीत हे विशेषच म्हणायचे!). गुण कसे द्यायचे आणि संघ कसे पाडायचे, यावरून ते पेटले होते.

आमच्याच वस्तीतला, शिकून पुढे गेलेला एक संगणक अभियंता. त्याच्याकडे गियरची सायकल आहे. त्याने प्रस्ताव मांडला की फोनवर ॲप घ्यावे, किलोमीटर मोजावेत, ज्याचे जास्त तो पहिला. "यात भेदभाव कुठे आला? रस्ता सगळ्यांना सारखाच आहे." वाचकहो, हे वाक्य आपण आयुष्यात किती वेळा आणि कुणाकुणाच्या तोंडून ऐकले आहे, ते येथे सांगत बसत नाही. पोरगा मनाचा वाईट नाही. रविवारी पहाटे उठून तो सत्तर किलोमीटर चालवून येतो, त्याला घाम येतो, त्याची मेहनत खोटी नाही. पण त्याच बैठकीत दाराशी एक इडलीवाले अण्णा उभे होते. कॅरियरवर इडलीचे मोठे भांडे, हँडलला चटणी-सांबाराच्या किटल्या आणि रबरी भोंगा. ते रोज पहाटे निघतात, गल्लोगल्ली भोंगा वाजवीत फिरतात. त्यांचे किलोमीटर कुणी मोजायचे?

कुणीतरी पटकन म्हणाले, "अण्णांचे धरायचे नाही. तो धंदा आहे, खेळ नव्हे." दोन-चार माना डोलल्या. खरे सांगायचे तर क्षणभर आमचीही डोलली.

हा युक्तिवाद कोळीवाड्यात जन्मलेला नाही. इंग्लंडात टेम्स नदीवर हेन्ली येथे होड्यांच्या प्रसिद्ध शर्यती होतात. त्यांच्या आयोजकांनी १८७९ साली 'हौशी' खेळाडूची व्याख्या केली आणि मजुरीवर काम करणारा कारागीर, मेकॅनिक, मजूर हा हौशी असूच शकत नाही, असे लिहून ठेवले. म्हणजे जो दिवसभर हातांनी काम करतो त्याचे दंड आधीच बळकट, म्हणून त्याने सभ्य गृहस्थांबरोबर वल्हे मारायचे नाही! १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकला निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या संघाला तेथे मज्जाव झाला, कारण ते खेळाडू पोलीस शिपाई होते. एवढी नाचक्की झाल्यावर १९३७ साली तो मजुरांविषयीचा भाग वगळला गेला. ज्या १९३६ साली बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' छापून जातिव्यवस्था ही श्रमिकांचीच विभागणी आहे हे दाखवून दिले, त्याच सालची ही विलायतेतली गोष्ट. आपल्याकडे तर व्याख्या लिहायचीही गरज पडली नाही.

आम्ही वकील, म्हणून बैठकीत शेवटी कायद्यावरच आलो. घटनेचे १४ वे कलम वर्गीकरणाला बंदी करीत नाही. १९५२ च्या अन्वर अली सरकार खटल्यापासून न्यायालये सांगत आली आहेत की वर्गीकरण करा, पण ज्या फरकावर ते उभे आहे तो स्पष्ट दिसला पाहिजे आणि त्या फरकाचा मूळ उद्देशाशी संबंध असला पाहिजे. मग आमच्या स्पर्धेचा उद्देश काय? सर्वांत वेगवान माणूस शोधणे हा असेल, तर वेग मोजा आणि मोकळे व्हा. आमचा उद्देश होता की वस्तीतल्या माणसांनी सायकल काढावी, रोज थोडी चालवावी आणि एरवी ज्यांच्याशी बोलणे होत नाही त्यांच्याबरोबर सात आठवडे घालवावेत. या उद्देशापुढे कामाचा किलोमीटर आणि हौसेचा किलोमीटर यांत फरक करायला आधार कोणता? कुणालाच तो सांगता आला नाही. अण्णांचे नाव वहीत आले.

गुण मोजण्याची पद्धत ही काही निसर्गाने घालून दिलेली गोष्ट नसते. जगातली सर्वांत मोठी सायकल शर्यत, टूर द फ्रान्स, १९०३ साली सुरू झाली तेव्हा एकूण वेळ मोजत. १९०४ ला इतकी लबाडी झाली की पहिले चारही जण नंतर बाद ठरविले. १९०५ पासून १९१२ पर्यंत वेळ सोडून क्रमांकावर गुण दिले आणि १९१३ ला पुन्हा वेळेवर आले. शर्यत तीच, फक्त मोजपट्टी बदलली. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीतही बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून वेगळा मान देतात, कारण सपाटीवरचा वेग आणि चढावरचा दम या दोन गोष्टी आहेत हे तिथल्या माणसांना कळलेले आहे.

आम्ही असे ठरविले. ज्या दिवशी किमान तीन किलोमीटर चालविली, त्या दिवसाचे पाच गुण. त्यावर प्रत्येक किलोमीटरला एक गुण, पण दिवसाला पंधराच्या वर नाही. म्हणजे एका दिवसाचे जास्तीत जास्त वीस. रविवारी एकदाच सत्तर किलोमीटर मारून येणाऱ्याला आठवड्याचे वीस गुण मिळणार आणि सहा दिवस रोज चार किलोमीटर चालविणाऱ्या बाईला चोपन्न. अभियंत्याचा चेहरा पडला. अण्णाही खूश नव्हते. ते म्हणाले, "वकीलसाहेब, माझी इडली पंधरा किलोमीटरला संपत नाय." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. पण वरची मर्यादा काढली असती तर ज्याला वेळ जास्त, तोच जिंकला असता.

ज्यांच्याकडे ॲपचा फोन नाही त्यांच्यासाठी ठरलेल्या टप्प्यांची अंतरे आम्ही स्वतः मोजून चहाच्या टपरीजवळ फळ्यावर लिहिली. स्वतःच्या तोंडाने सांगायचे आणि एक साक्षीदार आणायचा. साक्षीदार किती हवेत याची संख्या पुराव्याच्या कायद्यातही ठरलेली नाही, मग येथे कशाला?

आता संघांचे. येथे खरी कसोटी लागली. तरुणांचे म्हणणे होते की गल्लीवार संघ करा, ईर्षा वाढते, मजा येते. मजा येते हे मान्य. पण कोळीवाड्याची घडण पाहा. मूळ कोळी बांधवांचे गाव, फाळणीनंतर लष्करी बराकींत आणून वसविलेले पंजाबी आणि सिंधी निर्वासित, तमिळ कुटुंबे, अँटॉप हिलकडची मुस्लिम वस्ती, आपले बौद्ध, प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात आलेली चाळीतली माणसे. हार्बरवरच्या स्टेशनाचे नाव पूर्वी कोळीवाडा होते, आता गुरू तेग बहादूर नगर आहे, एवढ्यावरूनही कळेल. अशा ठिकाणी गल्ली सांगितली की बहुतेक वेळा आडनाव सांगायची गरज उरत नाही. गल्लीवार संघ म्हणजे जात आणि धर्माचे संघ, फक्त पाटी वेगळी.

मुंबईने हा प्रयोग केलेला आहे. येथील क्रिकेटचा सर्वांत मोठा सामना धर्मावार होता. युरोपियन, पारशी, हिंदू, १९१२ पासून मुसलमान. पालवणकर बाळू हा चांभार समाजातला गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात नोकर होता. हिंदूंना जिंकण्यासाठी त्याची डावखुरी फिरकी हवी होती, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्याला कधी दिले नाही. ते घरात आले १९२३ साली, धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे. हाच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभा केला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. बाळूच्या खेळाबद्दल मात्र आपण कमी बोलतो, ते बरे नाही.

त्याच १९३७ साली सामन्यात पाचवा संघ आला. ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध वगैरे जे कुठेच बसत नव्हते त्यांचा. त्याचे नाव काय ठेवले? 'द रेस्ट'. उरलेले! १९४३ च्या डिसेंबरात हिंदूंविरुद्धच्या अंतिम सामन्यात सांगलीचे विजय हजारे या उरलेल्यांकडून खेळले आणि संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या. तरी उरलेले डावाने हरले. १९४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली. बैठकीत हा किस्सा सांगितला तेव्हा पोरे ३०९ वर टाळ्या वाजवायला लागली. आम्हाला मात्र त्या डावाने झालेल्या हाराकडे बोट दाखवायचे होते.

म्हणून संघ चिठ्ठ्यांनी पाडले, पण आंधळ्या चिठ्ठ्यांनी नाही. एकूण चोवीस नावे होती, त्यात आठ स्त्रिया. सोळा पुरुषांचे सरावाप्रमाणे चार गट, स्त्रियांचे तसेच दोन. प्रत्येक गटात चार नावे, प्रत्येक गटातून एकेक चिठ्ठी प्रत्येक संघाला. चार संघ, प्रत्येकी सहा जण, आणि प्रत्येकात पट्टीचा चालविणारा जसा आहे तसा नवशिकाही आहे. एकाच गल्लीतले तिघे एका संघात आले तर त्याच गटातल्या चिठ्ठीची अदलाबदल. कर्णधारांना माणसे निवडायला लावले नाही. शाळेत संघ निवडताना शेवटी उभा राहणारा पोरगा कोण असायचा, हे आमच्यापैकी पुष्कळांना अनुभवाने माहीत आहे. कर्णधारपद दर आठवड्याला फिरते ठेवले.

संघांना महापुरुषांची नावे द्यावीत अशी सूचना आली. आम्ही हात जोडले. उद्या फळ्यावर 'फुले संघाने शाहू संघाला हरविले' असे लिहायचे काय? शीव, वडाळा, माटुंगा, चुनाभट्टी अशी स्टेशनांची नावे ठेवली आणि सुटलो.

संघाचे गुण धरताना टूर द फ्रान्सप्रमाणे पहिल्या तिघांचे धरावेत, असे अभियंत्याचे म्हणणे होते. ते वाचून आलेला होता. तिघांचेच धरले तर उरलेले तिघे सही करण्यापुरते. सहाही जणांचे धरले तर एखादा आजारी पडला की संघ त्याच्या नावाने बोटे मोडणार. आम्ही पाच जणांचे धरले, आणि आठवड्यात सहाही जण किमान तीन दिवस सायकलवर बसले तर संघाला पन्नास गुण जादा. परिणाम दुसऱ्याच आठवड्यात दिसला. वडाळा संघातल्या एका पासष्ट वर्षांच्या निवृत्त गिरणी कामगाराला उठवायला दोन पोरे सकाळी सहाला दारात हजर! त्यातला एक पंजाबी, एक मुसलमान. त्या म्हाताऱ्याला त्याच्या आयुष्यात इतका भाव कुणी दिला नसेल.

स्त्रियांबाबत मात्र आमची चूक झाली आणि ती येथे कबूल करतो. पहिल्या मसुद्यात आम्ही मुली-बायांना दीडपट गुण ठेवले होते. आम्हाला वाटले, फार पुरोगामी काम केले. अकरावीतली एक मुलगी उठून म्हणाली, "काका, दीडपट गुण नकोत. मला सायकल द्या. घरात एक आहे ती दादा नेतो." शून्याची दीडपट शून्यच, हे एल.एल.बी. झालेल्या माणसाला अकरावीतल्या पोरीने शिकवावे! विशेष संधीला तिचा विरोध नव्हता. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेले १५(४) आणि १९७५ चा एन. एम. थॉमस निकाल आम्ही भाषणांत नेहमी सांगतो, की विषम माणसांना सारखे वागविणे ही समता होत नाही. पण मदत कुठे ठेवायची हेही पाहावे लागते. आम्ही ती निकालाच्या तक्त्यात ठेवली होती, तिला ती घराच्या दारात हवी होती. दीडपट काढून टाकली, वर्गणीतून दोन जुन्या लेडीज सायकली दुरुस्त करून टपरीजवळ साखळीने बांधल्या, किल्ली मुलींकडे. आणि जिला येतच नाही तिने सात आठवड्यांत आधाराशिवाय शंभर मीटर चालविली तर एकदाच पन्नास गुण. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. त्यात पुष्कळ दलित आणि शेतमजूर होत्या. बिहारने २००६ साली शाळेतल्या मुलींसाठी सायकलीची योजना आणली. आमच्या दोन सायकली त्यापुढे काहीच नाहीत, पण तिघी जणी शिकल्या. त्यातली एक चाळिशीतली, चार घरची धुणीभांडी करणारी. आता ती कामाला सायकलने जाते आणि तेही किलोमीटर लागतात.

सगळे गोड झाले असे मुळीच नाही. जानेवारीत पहाटे धूर-धुक्याने समोरचे दिसेना, तेव्हा हवेचा निर्देशांक दोनशेच्या वर गेला तर त्या दिवशी सर्वांना सरसकट पाच गुण आणि किलोमीटर बंद, असा नियम मध्येच करावा लागला. सुरू झालेल्या स्पर्धेत नियम बदलणे हा अन्यायच, असे चुनाभट्टी संघाने लेखी कळविले. त्यांचे म्हणणे कायद्याने बरोबर होते. रात्रपाळीच्या एका सुरक्षारक्षकाचा दिवस कोणत्या तारखेला धरायचा हे शेवटपर्यंत नीट ठरले नाही. एकाने खोटा साक्षीदार आणला, तो पकडलाही गेला. त्या दिवसाचे गुण कापले, नाव फळ्यावर लिहिले नाही.

पहिला आला माटुंगा संघ. त्यात अभियंता होता आणि अण्णाही होते. दोघांची बोलाचाली पहिल्या आठवड्यात बंद, तिसऱ्यात सुरू झाली. अण्णांची चेन तुटली तेव्हा अभियंत्याने आपल्या पिशवीतले हत्यार काढून रस्त्यात बसून जोडून दिली.

यंदाच्या नियमांची पहिली बैठक गणपतीनंतर लावली आहे. अण्णांनी आधीच अर्ज दिला आहे, मुलीकडून मराठीत लिहून घेतलेला. त्यांची मागणी अशी की जाताना कॅरियरवर भरलेले भांडे असते आणि येताना रिकामे, तेव्हा दोन्ही किलोमीटर सारखे कसे? अभियंता म्हणतो, वजनाला गुण द्यायला हरकत नाही, पण मग काटा लागेल. रद्दीवाल्याला विचारले आहे. तो म्हणतो, काटा देतो, पण रोज पहाटे पाचला उठून वजन कोण करणार ते आधी ठरवा.