मोटारीच्या सांध्यांतील रबर

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला गाडीच्या पोटांतून येणारा 'ठक्' असा आवाज फार अस्वस्थ करतो. रस्त्यावरील लहानशा खळग्यांतून मागचें चाक गेलें कीं हा आवाज होतो. पुढें पुढें तर वेग वाढवितांना वा कमी करतांना गाडीचा मागचा भाग किंचित् एका बाजूस सरकल्यासारखा वाटतो. मालकाला प्रथम संशय येतो तो कमान मोडल्याचा. पुष्कळदां कमान धडधाकट असते आणि खरा दोष अंगठ्याएवढ्या रबराच्या तुकड्यांत असतो. या तुकड्यास बुश म्हणतात. तो बदलणें फारसें अवघड नाहीं. परंतु बदलतांना एक लहानशी चूक झाली, तर नवा बुशही लवकरच फाटतो आणि सारे श्रम वायां जातात. ही चूक कोणती, हें समजण्यासाठीं बुशाचें कार्य प्रथम पाहिलें पाहिजे.

उदाहरणादाखल मॉरिस मायनर ही गाडी घेतां येईल. ॲलेक इसिगोनिस यांनीं आंखलेली ही इंग्लिश गाडी १९४८ सालीं लंडनच्या मोटार-प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. तिचेंच एक रूप १९५० च्या सुमारास 'बेबी हिंदुस्थान' या नांवानें भारतांतही विकलें जात असे. या गाडीच्या मागच्या आंसाच्या दोन्ही बाजूंस पोलादी पाट्यांची एकेक कमान असते. कमानीचें पुढचें टोक गाडीच्या तळास बोल्टानें जोडलेलें असतें; मागचें टोक शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्यास अडकविलेलें असतें. भार पडून कमान सपाट होऊं लागली कीं तिच्या दोन टोकांमधील अंतर वाढतें; त्यास वाव मिळावा म्हणून हा दुवा झुलतो. दुव्याला वर एक व खालीं एक अशा दोन पिना असतात, व प्रत्येक पिनेवर दोन्ही अंगांनीं रबरी अर्धबुश बसविलेले असतात.

बैलगाडीचें चाक आंसावर घासत फिरतें, म्हणून शेतकरी आंसाला वंगण घालतो. रबरी बुशाची रीत याच्या उलट आहे. पिन रबराला आंतून घट्ट धरते आणि कमानीचा डोळा बाहेरून धरतो. कोठेंही घसरण होत नाहीं. दुवा झुलतो तेव्हां रबर केवळ पिळलें जातें व भार उतरतांच पूर्वस्थितीस येतें. म्हणून त्यास वंगण नको. इतकेंच नव्हे, तर खनिज तेल लागल्यास रबर फुगतें व मऊ पडून लवकर झिजतें. उन्हानें, हवेनें व वयानें तें कडक होऊन त्यास भेगा पडतात, आणि मग पिन डोळ्यांत आपटूं लागते. तोच तो 'ठक्' आवाज.

आतां मुख्य मुद्दा. नट ज्या क्षणीं आवळला जातो, त्या क्षणींची दुव्याची स्थिति हीच रबराची विश्रांतीची स्थिति ठरते. समजा, चाकें अधांतरीं लोंबत असतां आणि गाडी जमिनीवर उभी असतां दुव्याच्या कोनांत १५ अंशांचा फरक पडतो, व चालतांना तो दोन्ही बाजूंस १० अंश झुलतो. गाडी जमिनीवर असतां नट आवळला, तर रबरास १० अंशांहून अधिक पीळ पडत नाहीं. परंतु चाकें लोंबत असतांनाच आवळला, तर गाडी नुसती उभी असतांही रबर १५ अंश पिळलेलें राहतें आणि खळग्यांत हाच पीळ २५ अंशांपर्यंत जातो. असें रबर टिकावें तरी कसें?

काम पुढील क्रमानें करावें. सपाट व कठीण जमिनीवर गाडी उभी करून पुढच्या चाकांना लांकडी पाचर लावावी. मागचा भाग जॅकनें उचलावा. मात्र नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीही गाडीखालीं शिरूं नये. जॅक निसटला तर जीवावर बेतेल. म्हणून तळाच्या भक्कम भागाखालीं दोन लोखंडी घोड्या ठेवाव्या, आणि आंसाखालीं दुसरा जॅक देऊन कमानीवरील ताण काढावा. गंजलेल्या नटांवर गंज सोडविणारें तेल आदल्या दिवशींच सोडावें. दुव्याची बाहेरची पट्टी काढून पिना ठोकून बाहेर काढाव्या, जुनें रबर उपसावें, डोळा पॉलिश-कागदानें घासून तेलाचा अंश पुसून टाकावा. पिना झिजलेल्या असतील तर त्याही बदलाव्या. नवा बुश सहज शिरावा म्हणून साबणाचें पाणी पुरे होतें. तें लवकरच सुकून जातें. नट या वेळीं हातानेंच लावावे. चाकें चढवून गाडी जमिनीवर उतरवावी, ती थोडी मागेंपुढें ढकलावी, मागचा भाग दोनचार वेळां दाबून सोडावा, आणि त्यानंतरच पान्यानें नट पक्के आवळावे. काम दोन्ही बाजूंस एकाच वेळीं करणें हिताचें. नाहींतर एक बाजू ताठ व दुसरी ढिली राहून गाडी तिरकी चालते.

या गाडीच्या पुढच्या बाजूस कमानीऐवजीं पीळ घेणारा पोलादी दांडा असतो. त्यांत मोठी शक्ति सांठलेली असल्यामुळें तेथील बुश काढणें नवख्याचें काम नव्हे. तें जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावें.

हल्लीं बाजारांत पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. ते तेलास अधिक दाद देत नाहींत व पुष्कळ टिकतात. परंतु ते रबराहून कठीण असल्यानें रस्त्याचे बारीक हादरे गाडींत अधिक जाणवतात. शिवाय त्यांतील कित्येक पिनेभोंवतीं फिरण्यासाठींच बनविलेले असतात, व त्यांना त्यांच्यासाठींचें खास वंगण लागतें. ज्याला गाडीची मूळची सौम्य चाल हवी, त्यानें रबरच घ्यावें.

कारखान्यांत काम देणाऱ्या मालकानें कारागिरास एवढेंच विचारावें, कीं शेवटचे नट कोणत्या स्थितींत आवळले. "चाकें जमिनीवर टेकल्यावर" असें उत्तर मिळालें, तर पैसे सत्कारणीं लागले असें समजण्यास हरकत नाहीं.